तेल बदलण्याआधी पाण्याची वाट शोधा



आजची नोंद थोडी तिखट आहे. नंदुरबारच्या माणसाला तिखटाचं वावडं नसतं, म्हणून सरळच लिहितो.

पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत आपल्याकडे दरसाल एकच तक्रार. ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकचं तेल पांढरं झालं. सालदार येऊन सांगतो, "भाऊ, तेल दूध व्हई गयं." मालक मिस्तरीला फोन लावतो. मिस्तरी फोनवरच सांगतो, बदलून टाका. दुकानातून तेलाच्या बकेटा येतात, जुनं तेल बांधाच्या कडेला ओतलं जातं, नवीन भरलं जातं आणि ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी कामाला. पुढचा मोठा पाऊस झाला की तेल पुन्हा दूध. मग ठरलेलं वाक्य, "तेलच डुप्लिकेट होतं."

डुप्लिकेट तेल बाजारात आहे, नाही असं नाही. पण तेल आपोआप दूध होत नाही. ते पाण्यानं होतं, आणि पाणी कुठून तरी आत येतं. ती जागा तशीच ठेवून नवीन तेल ओतणं म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

माझं म्हणणं एवढंच आहे. तेल बदलणं ही इलाजाची शेवटची पायरी आहे, पहिली नाही. आधी पाण्याची वाट शोधायची, ती बंद करायची, मग तेल काढायचं. आपण हा क्रम उलटा करून ठेवलाय, आणि हा उलटा क्रम सगळ्यांच्या सोयीचा आहे. दुकानदाराचं तेल खपतं, मिस्तरीची अर्ध्या दिवसाची मजुरी सुटते, मालकाला काम केल्याचं समाधान मिळतं. फक्त पंपाच्या आणि खिशाच्या सोयीचा तो नाही.

किती पाणी म्हणजे जास्त पाणी?

कापूस विकायला नेला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. सीसीआयच्या केंद्रावर ८ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भाव कापतात, १२ च्या वर गेला की माल घेतच नाहीत. तिथं आपण अर्ध्या टक्क्यासाठी भांडतो. तेलाच्या बाबतीत मात्र "थोडंसं पाणी आहे, चालतं" म्हणतो.

आता हिशोब बघा. साध्या खनिज हायड्रोलिक तेलात नेहमीच्या तापमानाला पाणी विरघळतं ते लाखात १०-२० भाग. म्हणजे ५० लिटर तेलात एक-दोन चहाचे चमचे. ट्रॅक्टरसाठी जे सर्वकामी तेल येतं, गिअर, ब्रेक आणि लिफ्ट या तिघांना एकच, ते त्याच्यातल्या रसायनांमुळे थोडं जास्त पाणी पोटात घेतं. पण त्यालाही मर्यादा आहे. ती ओलांडली की पाण्याचे बारीक थेंब तेलात तरंगायला लागतात आणि तेल गढूळ दिसतं, पुढे दुधासारखं. म्हणजे डोळ्यांना पांढरं दिसलं तेव्हा तेलाचं पोट केव्हाच भरून गेलेलं असतं. हजारात १ भाग पाणी म्हणजे ५० लिटरला ५० मिलिलिटर, चहाचा अर्धा ग्लास. एवढ्यानंही नुकसान सुरू होतं. दूध झालेल्या तेलात तर याच्या कितीतरी पट पाणी असतं.

अजून एक गोष्ट ध्यानात ठेवा. गरम तेल जास्त पाणी विरघळवतं, थंड तेल कमी. म्हणून संध्याकाळी काम संपल्यावर तेल चांगलं दिसतं आणि सकाळी तेच धुरकट. तेल बघायचं असेल तर सकाळी, ट्रॅक्टर चालू करायच्या आधी बघा. संध्याकाळी बघून "काही नाही, ठीक आहे" म्हणणारा स्वतःचीच समजूत घालत असतो.

पाणी आत काय करतं?

पहिलं, पाण्याला वंगण नाही. दोन लोखंडांच्या मध्ये तेलाचा जो पातळ पडदा असतो तो पाणी आलं की तुटतो. पंपाच्या आत दाब आणि उष्णता असते. तिथं पाण्याच्या थेंबाची वाफ होते, वाफेचा बुडबुडा दाबाखाली फुटतो आणि धातूचा कण उडवतो. असं रोज हजारो वेळा होतं. मग लिफ्ट कुंथायला लागते, वजन उचलून धरत नाही, नांगर आपोआप खाली येतो.

दुसरं, तेलात झीज रोखणारं औषध असतं, बहुतेक तेलांत जस्ताचं. पाणी आणि उष्णता मिळून ते औषध मोडतात. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढे तिचा संबंध येणार आहे. पाणी नंतर काढून टाकलं तरी मोडलेलं औषध परत येत नाही.

तिसरं, कागदी फिल्टर पाण्यानं फुगतो आणि चोंदतो. पंपाला तेल मिळेना झालं की तो रिकामा ओढतो.

चौथं, आणि हे सगळ्यात गंभीर. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या अनेक ट्रॅक्टरांत ब्रेकच्या प्लेटा याच तेलात असतात. पाण्यानं प्लेटा गंजतात, पकड कमीजास्त होते, ब्रेक झटके देतो. शहाद्याच्या सपाटीवर हे चालून जाईल. पण भरलेली ट्रॉली घेऊन चांदसैली घाट उतरणाऱ्या माणसाला विचारा, ब्रेकनं झटका दिला की काय वाटतं. मी पांढऱ्या तेलावर एवढं लिहितोय ते नुसत्या पैशांसाठी नाही.

गावठी इलाज, आणि ते का नकोत

पहिला इलाज म्हणजे तेल तापवून पाणी उडवणं. पत्र्याच्या डब्यात तेल, खाली चूल. हे मी लोकांना करताना बघतो आणि दर वेळी भांडतो. एक भाग पाण्याची वाफ झाली की ती दीड हजार पटींहून जास्त फुगते. पाणी तेलापेक्षा जड, ते डब्याच्या तळाशी बसतं, नेमकं जाळाजवळ. तिथं एकदम वाफ झाली की वरचं सगळं तेल उसळून बाहेर येतं आणि थेट चुलीत पडतं. पुढचं सांगायला नको.

बरं, आग नाही लागली असं धरा. तरी तेलाचं काय होतं? तेल सुमारे ६०-७० अंशांच्या वर गेलं की पुढच्या प्रत्येक १० अंशांना त्याचं म्हातारं होणं साधारण दुप्पट वेगानं होतं. डब्याच्या तळाशी किती तापमान असतं ते कोणी मोजतं का? पाणी उडतं, पण तेलही जळतं, आणि मोडलेलं औषध तर आधीच गेलेलं. परत भरता ते तेल नुसतं रंगानं तेल असतं.

मग कारखानेवाले तेलातलं पाणी कसं काढतात? याचं उत्तर आपल्या ऊसवाल्यांना घरबसल्या कळण्यासारखं आहे. गुऱ्हाळात काहिलीत रस उघड्यावर आटवतात, गूळ उतरवताना पाक ११५ अंशांच्या पुढेमागे जातो आणि रंग तांबूस होतो. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात तोच रस शेवटी बंद भांड्यात आटवतात, आतली हवा ओढून घेऊन. हवेचा दाब कमी केला की पाणी ६५-७० अंशांनाच उकळतं, म्हणून साखर जळत नाही. तेल शुद्ध करायचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. तेल बेतानं गरम करायचं, हवेचा दाब कमी करायचा, पाणी वाफ होऊन निघून जातं, तेल भाजत नाही. विजेच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचं तेलही असंच गाळतात. थोडक्यात, तेल तापवणं हे शास्त्र आहे, पण चुलीवर तापवणं हे शास्त्र नाही.

मग असं यंत्र ट्रॅक्टरसाठी आणावं का? माझं उत्तर, एकट्या ट्रॅक्टरसाठी नाही. ज्या मशिनीत शंभर-दोनशे लिटर तेल असतं, पोकलेन, ऊसतोडणी यंत्र, तिथं ते परवडू शकतं. पन्नास लिटर दूध झालेलं तेल, औषध मोडलेलं, ते टाकून देणंच स्वस्त. पण टाकून द्यायची वेळ येऊ नये याचा इलाज आधी करा.

दुसरा इलाज बाटलीतल्या औषधाचा. "तेलात ओता, पाणी गायब." मंडळी, पाणी गायब होत नसतं. एक तर ते खाली बसतं, नाहीतर वाफ होऊन बाहेर जातं, नाहीतर तेलात मिसळून राहतं. तेलात मिसळून टाकणारं औषध म्हणजे पाणी लपवणारं औषध. दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त, आणि पंप मात्र तेच पाणी पितोय.

तिसरा इलाज डिझेलनं धुण्याचा. जुनं तेल काढलं की डिझेल भरायचं, लिफ्ट वर-खाली करायची, काढायचं. डिझेल पाण्याला विरघळवत नाही. शिवाय घराच्या कोपऱ्याकोपऱ्यांत ते राहतंच आणि नवीन तेल पातळ करतं. पंपाला डिझेलवर चालवणं म्हणजे त्याला वंगणाशिवाय चालवण्यासारखंच. धुवायचंच असेल तर त्याच ग्रेडच्या तेलानं धुवा. महाग वाटत असेल तर नव्या पंपाचा भाव विचारून या.

पाणी येतं कुठून?

१) गिअर लिव्हरचा रबरी बूट. उन्हानं तडकलेला, कधी अर्धा निघालेला. पाऊस त्यावर पडतो आणि लिव्हरच्या कडेनं सरळ घरात उतरतो. उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरात मी सगळ्यात आधी इथंच बघतो. हा बूट तेलाच्या एका बकेटीच्या मानानं फुकटात येतो.

२) ब्रीदर, म्हणजे घराला श्वास घ्यायचं भोक. लिफ्ट किंवा ट्रॉलीचा जॅक वर गेला की तेल तिकडे जातं, घरातली पातळी उतरते आणि तेवढीच हवा बाहेरून आत येते. पावसाळ्यात ती हवा ओली असते. हिवाळ्यात आपल्याकडे दिवसा ऊन आणि रात्री कडाका, तेव्हा आत आलेल्या वाफेचं घराच्या भिंतींवर दव धरतं. सबस्टेशनच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला काचेच्या भांड्यात निळे खडे लावलेले दिसतात ना? आत जाणारी हवा त्या खड्यांतून कोरडी होऊन जाते, खडे ओले झाले की गुलाबी होतात. ट्रान्सफॉर्मरच्या श्वासाची एवढी काळजी, आणि लाखोंच्या ट्रॅक्टरच्या ब्रीदरवर चिखलाचा गोळा, नाहीतर टोपीच गायब.

३) वॉशिंग सेंटरचं प्रेशर. ट्रॅक्टर चकाचक करायच्या नादात पोरं ब्रीदर, गेजची पट्टी, लिफ्टचे सील, सगळ्यांवर जवळून फवारा मारतात. सील आतलं तेल बाहेर येऊ नये म्हणून असतं. बाहेरचं जोरात मारलेलं पाणी अडवायला ते बनवलेलं नसतं.

४) नदीत नेऊन धुणं आणि भातातली चिखलणी. तापी-गोमाईच्या पात्रात ट्रॅक्टर उतरवून धुणारे आहेत, नवापूर भागात भाताच्या चिखलात दिवसभर चालवणारे आहेत. कामात तापलेलं घर थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी ओढून घेते. चिखलणी टाळता येत नाही, हे मान्य. पण नदीत धुणं टाळता येतं. धुवायचंच तर मशीन थंड झाल्यावर, बादलीनं.

५) दुसऱ्याची ट्रॉली. तुमच्या ट्रॅक्टरला शेजाऱ्याच्या ट्रॉलीचा जॅक जोडला की त्या जॅकमधलं तेल तुमच्या घरात येतं आणि तुमचं त्याच्याकडे जातं. लाळ्या-खुरकूत जसा एका गोठ्यातून दुसऱ्यात जातो, तसं पाणी एका ट्रॅक्टरातून दुसऱ्यात जातं. कपलिंगला टोप्या नसल्या तर चिखल आणि पाणी थेट आत. जोडायच्या आधी फडक्यानं पुसायला अर्धं मिनिट लागतं.

६) तेलाचा बॅरल. २१० लिटरचा बॅरल उघड्यावर उभा ठेवला की झाकणाच्या खोलगट भागात पावसाचं पाणी साचतं. दिवसा बॅरल तापतो, आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर जाते. रात्री थंड झाला की तोच बॅरल हवा आत ओढतो, आणि हवेबरोबर बुचावरचं पाणीही. सीलबंद बॅरलमध्ये पाणी कसं निघालं म्हणून भांडणं होतात, त्याचं हे एक कारण. बॅरल छपराखाली ठेवा. जागा नसेल तर आडवा ठेवा, दोन्ही बुचं घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी येतील असा, म्हणजे बुचं आतून तेलात बुडालेली राहतात.

७) ताडपत्री. आश्चर्य वाटेल, पण मेणकापड जमिनीपर्यंत घट्ट गुंडाळलं तर जमिनीची ओल आतच कोंडते. वरून झाका, खालून हवा खेळू द्या.

तपासायचं कसं?

यंत्र लागत नाही. पाण्याची पारदर्शक बाटली घ्या, आतून पूर्ण कोरडी. सकाळी, ट्रॅक्टर चालू करण्याआधी, खालचा ड्रेन प्लग थोडा ढिला करा आणि पहिलं जे येईल ते बाटलीत धरा. पाणी जड असतं, रात्रभरात जे सुटलं असेल ते खाली बसलेलं असतं, म्हणून पहिलीच धार महत्त्वाची.

मग दुसरी बाटली, ट्रॅक्टर अर्धा तास चालवून झाल्यावर. ती सावलीत ठेवा. तास-दोन तासांत तळापासून स्वच्छ होत गेली तर ती हवा होती. मग सक्शनच्या बाजूला कुठंतरी हवा शिरतेय किंवा तेल कमी आहे. सकाळपर्यंत पांढरीच राहिली तर पाणी. तळाशी पाण्याचा थर दिसला तर प्रश्नच मिटला. पण थर दिसला नाही म्हणून पाणी नाही असं समजू नका. ट्रॅक्टरचं तेल पाणी धरून ठेवतं, ते सहजी सुटत नाही.

शंका राहिली तर जुन्या, स्वयंपाकाला न लागणाऱ्या तव्यावर, मोकळ्यावर, तवा चांगला गरम करून जाळावरून उतरवायचा आणि त्यावर तेलाचे दोन थेंब टाकायचे. चर्रर्र आवाज आला, बुडबुडे उडाले तर पाणी आहे. शांत पसरलं तर नाही, किंवा अगदी थोडं आहे. डोळ्याला चष्मा, तोंड लांब, आणि दोनच थेंब. वाटीभर ओतू नका. पक्का आकडा हवा असेल तर तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कार्ल फिशर नावाची चाचणी होते, ती दहा लाखांत किती भाग पाणी आहे ते सांगते. पंपाचं भांडण वॉरंटीत गेलं असेल तर तो कागद कामाला येतो.

मग क्रम काय?

वाट शोधा. बूट, ब्रीदर, सील, कपलिंग, गेजची टोपी, एकेक बघा. जे खराब ते बदला. त्यानंतर ट्रॅक्टर कामावर नेऊन तेल चांगलं गरम करा, म्हणजे तळातली घाण आणि पाणी तेलाबरोबर निघतं. सपाट जागी उभा करा, लिफ्टचे हात खाली टेकवा, म्हणजे सिलिंडरमधलं तेलही घरात येतं. आता सगळे ड्रेन प्लग उघडा. सगळे म्हणजे सगळे. अनेक ट्रॅक्टरांना गिअरच्या घराला वेगळा, मागच्या घराला वेगळा आणि दोन्ही धुऱ्यांना वेगळा प्लग असतो. एकच प्लग उघडून "निघालं सगळं" म्हणणारा मिस्तरी भेटला तर पुस्तिका त्याच्यापुढे धरा. उरलेलं चार-पाच लिटर पांढरं तेल नव्या तेलाला दुसऱ्या दिवशी पांढरं करतं.

जाळी धुवा, फिल्टर नवीन टाका, प्लगवरचं लोहचुंबक पुसा. पुसताना बघा, नुसती काळी पेस्ट असेल तर रोजची झीज, चकचकीत तुकडे असतील तर आत काहीतरी तुटतंय. पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच तेल भरा. ट्रॉलीचा जॅक स्वतंत्र रिकामा करा, नाहीतर पहिल्याच हेलपाट्याला जुनं पाणी परत घरात. आठ-दहा तास काम झालं की पुन्हा सकाळची बाटली. स्वच्छ निघाली तर झालं. धुरकट निघाली तर एक वाट अजून उघडी आहे, परत शोधा.

तेल नुसतं किंचित धुरकट असेल, दूध नसेल, तर लगेच घाबरू नका. वाट बंद करा आणि ट्रॅक्टर दोन-तीन दिवस सलग मोठ्या कामाला लावा. तेल नीट तापलं की थोडी ओल ब्रीदरमधून आपोआप निघते. सगळ्यात वाईट म्हणजे रोज दहा मिनिटं चालू करून जागा बदलणं. तेल कोमट होतं, ओल आत येते, बाहेर काही जात नाही.

आणि ते काढलेलं तेल विहिरीच्या, नाल्याच्या, बांधाच्या जवळ ओतू नका. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात साठवा आणि परवानाधारक घेणाऱ्याला द्या. ज्या मातीचं आपण परीक्षण करून घेतो तिच्यातच हे ओतायचं, हा कुठला न्याय?

आता थोडं वरच्यांना

केंद्राचं कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून चालू आहे. महाडीबीटीवर अर्ज करा, नंबर लागला की ट्रॅक्टरला, रोटाव्हेटरला अनुदान मिळतं. चांगली गोष्ट आहे, मी विरोधात नाही. पण मशीन दिली आणि ती कशी जपायची ते नाही सांगितलं, तर अनुदानाचा पैसा शेवटी पंपाच्या दुरुस्तीत जातो. फेब्रुवारी २०१५ मध्ये माती आरोग्य पत्रिका आली. नत्र किती, स्फुरद किती, सामू किती, सगळं शेतकरी विचारायला लागला. तेलात पाणी किती, हे विचारायची सवय कोणी लावली नाही.

माझ्या वाचकांत कृषी सहायक आहेत, कंपन्यांचे ॲग्रोनॉमिस्ट आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, हा विषय "मेकॅनिकचा" म्हणून सोडू नका. पेरणीचा वाफसा तीन दिवसांचा असतो. त्या तीन दिवसांत लिफ्ट बसली तर तुमचं बियाणं, तुमचं खतांचं वेळापत्रक, सगळं कागदावर. कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात, तालुक्याच्या शेतकरी मेळाव्यात अर्धा तास या बाटलीच्या तपासणीला द्या. दोन बाटल्या, एक तवा, एक फाटका बूट. एवढंच साहित्य लागतं.

नवीन ट्रॅक्टर घेणाऱ्यांसाठी एक सूचना. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची १९५५ सालची शेती यंत्रांची प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात ओल्या शेतातल्या कामानंतर सीलमधून चिखल-पाणी आत गेलं का, याची नोंद असते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. तो स्टिअरिंगचा रंग आणि म्युझिक सिस्टीम दाखवेल, तुम्ही सीलचं पान दाखवायला सांगा.

आणि शेवटी मालकांना

पंप बसला की पहिलं बोट सालदाराकडे जातं. "तूच नीट चालवत नाहीस." काही ठिकाणी खर्च त्याच्या पैशांतून कापतात. मी हे अन्यायाचं मानतो. फाटलेला बूट बदलायचा निर्णय त्याचा नसतो. शेड बांधायचं की ट्रॅक्टर लिंबाखाली ठेवायचा, हा निर्णय त्याचा नसतो. वॉशिंग सेंटरला पाठवतो मालक, शेजाऱ्याची ट्रॉली जोडायला सांगतो मालक, तेल मोजायची पट्टी बघायला शिकवत नाही तोही मालकच. तेल पांढरं झालंय हे सगळ्यात आधी ओळखतो तो सालदार, आणि सांगायला घाबरतो, कारण सांगितलं की त्याच्यावरच येतं. म्हणून तो दोन आठवडे गप्प बसतो. त्या दोन आठवड्यांतच पंप जातो.

५० लिटर तेल, लिटरला २५० रुपये धरले तरी साडेबारा हजार. एका पावसाळ्यात दोनदा बदललं तर पंचवीस हजार, पंपाचा खर्च वेगळा. त्यासमोर बूट, ब्रीदरची टोपी, कपलिंगच्या टोप्या आणि चार पत्रे ठेवा आणि स्वतःच तुलना करा.

आखाजीला साल ठरवताना पैशांबरोबर एक गोष्ट ठरवून टाका. दर आठवड्याला सकाळी तेलाची बाटली बघायची, आणि पांढरं दिसलं की त्याच दिवशी सांगायचं. सांगणाऱ्याला बोल लावायचा नाही, उलट चहा पाजायचा. तुमच्या पंपाचा याहून स्वस्त विमा मला तरी माहीत नाही.

ही नोंद मालकांपेक्षा ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोरांना वाचून दाखवा. वाचता येत नसेल तर बाटली हातात देऊन दाखवा.